पालथा हिरा

गुरुलिंगअप्पांच्या समोरून पांढरा सदरा घालून जायची माझी छाती होत नाही. अप्पा ओट्यावरून हाक मारतात, खिशातला कोरा कागद काढून माझ्या बाहीला लावतात आणि डोळे बारीक करून निकाल देतात, "पिवळा हाय. लय न्हाई, पण हाय."

परभणीच्या बाजारात उभा जन्म हिरे पारखण्यात गेला, ते तरी काय करणार! दूध, साखर, व्याह्यांची कवळी, सगळ्याला तोच कागद. हिरा तर ते कागदाच्या घडीत पालथा घालूनच बघतात. "सरळ ठेवला की खडा चमकून फसवतो. पालथा घाला, असली रंग तवाच दिसतो." आमच्या हिची अंगठी त्यांनी भर पाहुण्यांत अशीच पालथी घातली आणि खडा पिवळा ठरवला. सासरेबुवा त्या दिवशी धड जेवले नाहीत. वर अप्पांचा दिलासा, "फिकर नका करू. पिवळ्या सोन्यात पिवळा खडा झाकून जातो. पांढऱ्या सोन्यात असता तर उघडा पडला असता बगा."

या तपासणीतून सुटलेली वस्तू एकच, काकूंच्या नाकातली चमकी. नव्या संसारात अप्पांनी हौसेनं आणलेली. काकू आल्यागेल्याला सांगतात, "हे म्हणले, सगळ्या परभणीत असा पांढरा खडा न्हाई." नेमके तेव्हाच अप्पा चपला शोधायला लागतात.

यंदा त्यांच्या पूर्णा गावच्या नातीचं लग्न ठरलं. काकूंच्या मनात आलं, चमकीतला खडा पांढऱ्या सोन्याच्या अंगठीत बसवून पोरीला द्यावा. अप्पांचं धाबंच दणाणलं. कधी कारागीर गावाला गेला, कधी अमावास्या आडवी आली. शेवटी काकूच कारागिराकडून खडा काढून घेऊन आल्या आणि सकाळी ओट्यावर अप्पांच्या हातात ठेवला. मी नेमका तिथं, तोही पांढऱ्या सदऱ्यात.

"घाला पालथा. किती पांढराय, बगू द्या मला बी."

अप्पांनी कागद उघडला. खडा ठेवला, पण सरळ. तरी मला दिसायचं ते दिसलंच. पिवळा होता, आणि लय होता. अख्ख्या गावाला तोंडावर खरं सांगणारा हा माणूस बायकोशी एकदाच खोटं बोलला होता.

"उजेड बरोबर न्हाई आज," अप्पा म्हणाले.

"अगं बाई! एवढं ऊन पडलंय की!"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमीच सांगा. उजेड कमी हाय का न्हाई?"

"कमी हाय," मी म्हणालो. "लय न्हाई, पण हाय."

काकूंनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग बराच वेळ अप्पांकडं. "मग ऱ्हाऊ द्या. पिवळ्या सोन्यातच करा अंगठी."

अप्पांनी खडा पुडीत बांधला. मी निघालो, तर मागून अप्पांची हाक आली, "अवो, सदरा लय पांढरा हाय की तुमचा!"

परवाच पिवळा ठरलेला सदरा होता तो.