सात दिवसांसाठी गुलाबराव

शनिवारी दुपारी एक वाजता गौतमीनं गुलाबरावांना एका वाचकाच्या नावावर दिलं आणि अडीच वाजून गेले तरी ते वाचनालयात परत आले नव्हते.

गुलाबराव हे काही पुस्तक नव्हे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले मालगाडीचे गार्ड. पण त्या दिवसापुरतं त्यांना पुस्तक केलेलं होतं. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत मराठी मंडळाचं एका खोलीचं वाचनालय होतं, गौतमी ते बिनपगारी चालवायची आणि तिथं चिटपाखरू फिरकत नसे. मुलं हिंदी-इंग्रजीत शिकलेली, मोठ्यांना टीव्ही पुरत होता. परदेशात म्हणे हल्ली माणसंच पुस्तकांसारखी वाचायला देतात, वीस-वीस मिनिटं, असं तिनं एका मासिकात वाचलं आणि तिनं ते डोक्यातच घेतलं.

घाई होतीच. मंडळाचे अध्यक्ष शामराव यांना त्या खोलीत टेबल-टेनिस मांडायचं होतं, मापंसुद्धा घेऊन झाली होती. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत रजिस्टरमध्ये दहा वाचक दिसले तर खोली राहील, नाहीतर पुस्तकं खोक्यात, अशी त्यांची अट. गौतमीला आठ दिवस धड झोप नव्हती. लग्न होऊन भुसावळहून या परक्या गावात आल्यावर आपली वाटलेली ही एकच जागा होती.

चार जण पुस्तक व्हायला कबूल झाले होते. इंदुबाईंचा ऐनवेळी घसा बसला, एक जण लग्नाला गेला, एकाला म्हणे लाज वाटली. उरले गुलाबराव. पहिला वाचक आला विशाल, सीतापुऱ्यातल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा अमरावतीचा मुलगा. गौतमी एवढी हरखली की सवयीनं तिनं कार्ड भरलं, शिक्का मारला, "घ्या" म्हणाली आणि खुर्च्या मांडायला वळली. शिक्का जुनाच होता : 'सात दिवसांत परत करावे.' दोघं बाहेर कडुनिंबाखाली बसले असतील असं तिला वाटलं. विशालनं मात्र शिक्का वाचला, गुलाबरावांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि तो निघून गेला.

दीड वाजल्यापासून ती फोन लावत होती. बाकांवर सहा जण गुलाबरावांसाठी खोळंबले होते आणि दर पाच मिनिटांनी घड्याळाकडं नाहीतर तिच्याकडं बघत होते. शेवटी विशालनं फोन उचलला.

"विशाल, काका कुठायत? इथं लोक थांबलेत!"

"काऊन घाबरता मॅडम? शिक्का तर सात दिवसांचा हाय."

"अरे, ते माणूस आहेत!"

"हो ना, म्हणून तर घरी आणलं. पुस्तक असतं तं तिथंच चाळून ठेवून देलं असतं. दीड वर्षानं कोणी मराठीत बोललं मॅडम माझ्याशी. मी त्यांना वरण-भात खाऊ घातला."

"बरं, आता ताबडतोब घेऊन ये."

"ते माझ्याजवळ नाहीत. माझं वाचून झालं. खालच्या घरमालकीणबाई मागत होत्या, त्यांना देले."

गौतमीनं कपाळावर हात मारला. यात विशालचं काही नवल नव्हतं. वाचनालयाचं पुस्तक एकानं आणायचं आणि चार घरांनी वाचायचं, परत करताना मधली दोन पानं हळदीची करायची, हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

"कोणाला दिले?" दारातून आवाज आला. गुलाबरावांची बायको द्वारकाबाई उभी होती. "तासाभरात येतो म्हणून गेलेत. ताट वाढून ठेवलंय मी. कोणाला दिलंत म्हणते मी माझ्या माणसाला?"

"काकू, विशालच्या घरमालकिणीकडं आहेत, मुरलीपुऱ्यात. मी आणते."

"आण. मी इथंच बसते. माणूस परत मिळाल्याशिवाय हलायची नाही मी." आणि ती टेबलामागच्या, गुलाबरावांसाठी मांडलेल्या खुर्चीत ऐसपैस बसली.

गौतमीनं स्कूटी काढली. सीकर रोडवर ट्रकांच्या मधून वाट काढत ती मुरलीपुऱ्यात पोचली तेव्हा साडेतीन झाले होते. घरमालकीण मीराबाई ओट्यावर पापड वाळत घालत होत्या.

"अजी, बहुत बढ़िया आदमी है," त्या म्हणाल्या. "पहाड़ में ट्रेन रुकने वाला किस्सा तो हमने दो बार सुना."

"लेकिन हैं कहाँ?"

"मेरा भाई आया था, बनवारी. चूड़ी की दुकान है उसकी, चारदीवारी में. बोला, जीजी, मुझे दे दो, दुकान पे सबको सुनाऊँगा. सोमवार को लौटा देगा."

सोमवार! गौतमीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. तीच वाट उलटी तुडवत ती चारदीवारीत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात शिरली. स्कूटी कुठंतरी लावली आणि मनिहारों का रास्ता नावाच्या त्या बांगड्यांच्या गल्लीत गायी, हातगाड्या आणि लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायकांमधून धावत सुटली. मोबाइल वाजला, शामराव होते. तिनं उचलला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा नाही.

बनवारीजींच्या दुकानात पांढऱ्या गादीवर मांडी घालून गुलाबराव बसले होते. एका हातात चहा, दुसऱ्या हातात अर्धी कचोरी. कारागिरांनी बांगड्यांसाठी लाख तापवायची सोडून दिली होती आणि दोन गिऱ्हाइकं हातात अर्ध्या चढवलेल्या बांगड्या घेऊन ऐकत होती.

"इंजन आगे, मैं पीछे," गुलाबराव सांगत होते. "बीच में पचास डिब्बे और घना जंगल..."

"काका, चला!"

"थांब पोरी. गाडी घाटात उभी आहे."

"काका, काकू वाचनालयात येऊन बसल्यात. ताट वाढून ठेवलंय म्हणतात."

"तिला म्हणावं जेवून घे." गुलाबरावांनी कचोरीचा तुकडा तोंडात टाकला आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "अगं, पस्तीस वर्षं झाली. घरी मी तोंड उघडलं की ती म्हणते, ठाऊक आहे मला. आणि इथं बघ. हे लोक मला विचारतात, आगे क्या हुआ. मला कोणी कधी विचारलं नाही गं पुढं काय झालं म्हणून."

म्हाताऱ्याला तिथंच सोडून द्यावं असं गौतमीला क्षणभर वाटलं. पण तिला पुस्तकांनी भरलेली खोकी दिसायला लागली होती.

"काका, पाचला शामराव कुलूप लावणार. रजिस्टरात अजून एकच नाव आहे, विशालचं."

गुलाबराव ताडकन उठले. "आधी नाही सांगायचं? माझ्यापायी गाडी लेट झालेली मला चालत नाही."

पण दुकानदारांना चालत होती. बनवारीजींनी त्यांचा हात धरला. "पहले घाट तो पार कराओ, बाबूजी!" मालगाडी घाट चढून उतरेपर्यंत दहा मिनिटं गेली. पुढं चांदपोल दरवाज्यापाशी उंटगाडी आडवी झाली होती, त्यात पंधरा. स्कूटीवर मागं बसून गुलाबराव त्या उंटगाडीवाल्यालाही एक किस्सा ऐकवू लागले तेव्हा गौतमी रडायच्या बेतात होती.

ती कॉलनीत शिरली तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. वाचनालयाचं दार लोटलेलं होतं. संपलं, असं ती मनाशी म्हणाली आणि तिनं दार ढकललं.

आत बसायला जागा नव्हती. बाक भरले होते, बायका पुस्तकं भरायला आणलेल्या खोक्यांवर टेकल्या होत्या, दोन-तीन कॉलेजची मुलं खाली जमिनीवर. शामराव पहिल्या रांगेत, कुलूप मांडीवर. आणि टेबलामागं द्वारकाबाई बोलत होती.

झालं होतं ते एवढंच. खोळंबलेल्यांपैकी कोणीतरी तिला विचारलं होतं, "काकू, काका मालगाडीचं काय सांगणार होते हो?" ती म्हणाली होती, "मालगाडीचं काय विचारता? मालगाडीत आम्ही अकरा वेळा संसार हलवलाय, शेळीसकट." मग शेळीचं सांगितलं. मग थोरल्या मुलीचा जन्म एका स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये कसा झाला आणि स्टेशनमास्तरनं बारशाचं नाव कसं सुचवलं, तेही सांगितलं. लोक घरी जाऊन शेजाऱ्यांना घेऊन आले होते.

गौतमी भिंतीला धरून रजिस्टरपाशी गेली. शामरावांच्या हिशेबी अक्षरात विशालखाली तेरा नावं भरली होती. पहिलं त्यांचंच. पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात 'सौ. द्वारकाबाई' आणि शेऱ्यात 'संदर्भग्रंथ. बाहेर नेऊ नये.'

"शामराव," ती कुजबुजली, "खोली?"

"श्श!" शामराव म्हणाले. "खोली राहू दे. ऐकू दे."

दारातून गुलाबराव मोठ्यानं म्हणाले, "चल द्वारका, घरी. जाम भूक लागलीय."

खोलीतल्या सगळ्या माना रागानं त्यांच्याकडं वळल्या.

"नेता येणार नाही," शामराव म्हणाले. "नोंद झालीय."

"अहो, बायको आहे ती माझी!"

"असेल. नाव लिहा आणि मागं बसा."

गुलाबरावांनी नाव लिहिलं. विशाल धरून पंधरावं. मागच्या बाकाच्या टोकाला, एका हाडकुळ्या मुलाला सरकवून, ते कसेबसे टेकले. द्वारकाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि पुढं सुरू केलं.

"तर ह्यांची ती आडगावची बदली. हे पाच-पाच दिवस लाइनवर. घरात मी, दोन पोरं, पाणी दीड मैलावर. आले की त्यांच्या घाटाच्या गोष्टी. तू कशी आहेस, एका शब्दानं नाही. एका सकाळी मी ट्रंक भरली, पोरांना नवे कपडे घातले आणि माहेरचं तिकीट काढून फलाटावर जाऊन बसले. गाडीही आली..."

ती पाण्याचा घोट घ्यायला थांबली.

"मग?" मागून एक घोगरा आवाज आला. गुलाबराव उभे राहिले होते. पस्तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी ऐकलीच नव्हती. "अगं, मग पुढं काय झालं?"

द्वारकाबाईनं पेला खाली ठेवला.

"तुमचा नंबर आला की सांगेन," ती म्हणाली.