बिनव्यायामाच्या गटातला भैरू

निघोज्याच्या हद्दीतल्या एका कारखान्यात कंबरदुखीवर संशोधन करायचं ठरलं, तेव्हा त्यातून कोणाला काय मिळणार हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. पिंपळे गुरवच्या फिजिओथेरपिस्ट पूर्वी मॅडम यांना डॉक्टरेट मिळणार होती. म्हणजे नावाआधी त्या लावत आलेल्या 'डॉ.'कडे सासरचे लोक यापुढे संशयाने पाहणार नव्हते. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी गुरुदत्त यांना 'शून्य इजा पुरस्कार' मिळणार होता. तो मोठ्या हॉटेलात देतात आणि सपत्नीक बोलावतात. भैरूला, सगळं जमून आलं तर, एक स्टूल मिळणार होतं.

स्टुलाचं महत्त्व समजून घेतलं पाहिजे. भैरूचं काम लोखंडी कास्टिंगने भरलेले क्रेट ट्रकमधून उतरवून मशीनपाशी नेण्याचं. तपासणीच्या टेबलाशी स्टुलावर बसून तयार माल नजरेखालून घालणारा माणूस दिवाळीनंतर निवृत्त होणार होता. त्याच्या जागेवर भैरूचा डोळा होता, कारण त्याची कंबर हल्ली सकाळी त्याच्या आधी जागी व्हायची.

कारखाना ज्या जमिनीवर उभा आहे तिचा एक तुकडा भैरूच्या घरचा. जमीन गेली तेव्हा त्याची आणि चुलतभाऊ दादासाहेबाची सही शेजारीशेजारी झाली. पुढे एकाने बहिणींची लग्नं उरकली आणि दुसऱ्याने पांढरी गाडी घेतली. आता गाडीवाला कारखान्याला कंत्राटी माणसं पुरवतो आणि पुरवलेल्या माणसांत भैरू मोडतो. नातं मात्र दोघांनी टिकवलं आहे. दसऱ्याला सोनं देतात.

संशोधनाची पद्धत निर्दोष होती. सर्व कामगारांच्या नावाच्या चिठ्ठ्या हेल्मेटमध्ये टाकून दोन गट पाडण्यात आले. पहिल्या गटाला शिफ्टच्या आधी कंबरेचे व्यायाम, सतरंजी, टी-शर्ट आणि एक केळं. दुसऱ्या गटाला काहीच नाही, जेणेकरून व्यायामाचा फायदा नेमका किती हे सिद्ध व्हावं. भैरूची चिठ्ठी दुसऱ्या गटात निघाली.

एके सकाळी भैरूने क्रेट खाली ठेवला, कंबरेवर हात दिले आणि मागे झुकला. पूर्वी मॅडम धावतच आल्या.

"काका, हे काय चाललंय?"

"कंबर मोकळी करतोय, म्याडम."

"तुम्हाला ते करता येणार नाही. तुम्ही बिनव्यायामाच्या गटात आहात."

"आवो, पन जरा बरं वाटतंय."

"तेच तर! तुम्हाला बरं वाटलं तर माझ्या अभ्यासाचं काय?"

त्याच दिवशी सूचना लागली. दुसऱ्या गटातील कामगारांनी आळोखेपिळोखे देऊ नयेत. जांभई देताना हात खांद्याच्या वर नेऊ नयेत. दोन्ही गटांनी एकत्र डबा खाऊ नये, कारण गप्पांतून व्यायामाची माहिती पसरण्याचा धोका संभवतो. शेवटचा नियम मोडून भैरूने पहिल्या गटातल्या एकाची चटणी खाल्ली, त्याबद्दल त्याला समज देण्यात आली.

व्हायचं ते पुढच्याच आठवड्यात झालं. क्रेट उचलताना भैरूच्या कंबरेतून काडकन आवाज आला आणि तो जमिनीवर आडवा झाला. पूर्वी मॅडम कागद घेऊन पोहोचल्या. त्यांचा चेहरा चिंतेत होता, आवाज मात्र आनंदात.

"दुसऱ्या गटातली पहिली इजा!"

"इजा?" मागून आलेले गुरुदत्त म्हणाले. "कुठे आहे इजा? रक्त दाखवा."

"कंबरेच्या इजेत रक्त येत नसतं, सर."

"मग ती इजा नाही. आमच्या व्याख्येत बसत नाही."

"सायेब," भैरू खालून म्हणाला, "मला आधी उठवा तरी."

"थांब रे जरा. तुला काय झालंय ते आधी ठरू दे."

बरीच चर्चा होऊन तडजोड निघाली. संशोधनाच्या दृष्टीने भैरूला इजा झाली होती. कारखान्याच्या दृष्टीने तो 'तात्पुरत्या आडव्या अवस्थेत' होता. उपचारांच्या बाबतीत मात्र दोघांचं चटकन एकमत झालं. उपचार केले तर इजा झाली होती असं सिद्ध होईल, ही गुरुदत्त यांची अडचण; आणि दुसऱ्या गटातल्या माणसाला हात लावला तर अभ्यास बिघडेल, ही पूर्वी मॅडमची.

"येवढी शिकलेली डाक्टरीन रोज कारखान्यात येती," भैरूची बायको छबूबाई रात्री म्हणाली, "आन् तुमच्या कंबरंला हात लावीना?"

"तिनं हात लावला की परयोग बाटतो."

"आन् तुमी मेलाव तर?"

"मग लई चांगला व्हतो म्हनं."

तरीही पूर्वी मॅडमना वाईट वाटलंच. त्यांनी भैरूला चिंचवडच्या डॉ. अवधूत यांच्याकडे पाठवलं. डॉ. अवधूत हे कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांचे तज्ज्ञ. बाकीचे मणके ते जाता येता ओळखतात, पण बोलत नाहीत.

"कुठे दुखतंय?"

"कंबरंपासनं पार पोटरीपोतर, डाक्टर."

"गुडघ्याखाली गेली वेदना? मग ती माझ्या हद्दीत नाही. वरच्या मजल्यावर जा. तिथले डॉक्टर पोटरी बघतात."

पोटरीच्या डॉक्टरांनी वेदना कुठे सुरू होते ते विचारलं आणि प्रकरण मूळ हद्दीत वर्ग केलं. दोघांनीही फी आपापल्या हद्दीतच घेतली.

भैरूने स्टुलासाठी अर्ज केला. बसून करायचं काम हवं असेल तर उभ्याने करायचं काम जमत नाही, असं प्रमाणपत्र लागतं. ते देण्यासाठी कारखान्यात चाचणी ठरली: भरलेला क्रेट उचलून दाखवायचा. उचलला तर सक्षम. नाही उचलला तर, नियमावलीनुसार, 'प्रयत्न अपुरा'.

"मंग असक्षम कवा ठरायचं?" भैरूने विचारलं.

"तशी तरतूद विचाराधीन आहे," गुरुदत्त म्हणाले.

भैरूने क्रेटला हात घातला, कळ आली, सोडून दिला. खरं तर इथेच थांबायचं होतं. पण गुरुदत्त यांना गावाची नस ठाऊक होती.

"काय भैरूभाऊ! जत्रेत दगडी गोटी उचलणारं घराणं तुमचं. आणि एवढासा क्रेट? बघतायत सगळे."

सगळे खरोखरच बघत होते. कोणीतरी ओरडलं, "व्हय भावा, दाव की!" भैरूच्या आजोबांनी उचललेली मणभर गोटी अजून देवळापुढे आहे. भैरूने दात आवळले आणि क्रेट खांद्याएवढा उचलला. टाळ्या पडल्या. 'सर्व प्रकारच्या शारीरिक कामास पूर्णतः सक्षम' असा शिक्का बसला. त्यानंतर भैरूही बसला, आणि मग त्याला चौघांनी उचलून नेलं. पण तो शिक्क्यानंतरचा विषय. स्टूल पहिल्या गटातल्या एका पोराला 'सर्वांत निरोगी कंबर' म्हणून बक्षीस देण्यात आलं.

भैरू घरी पडून राहिला आणि गुरुदत्त यांची झोप उडाली. रक्त नसलं तरी कंबरेमुळे कामगार गैरहजर म्हणजे इजा, आणि इजा म्हणजे हॉटेल गेलं. त्यांनी दादासाहेबाला बोलावलं.

"येवढंच ना, राव?" दादासाहेब म्हणाला. "ब्रेक देऊ की."

कंत्राटी माणूस कायम होऊ नये म्हणून दर काही महिन्यांनी त्याला कागदोपत्री कामावरून काढतात आणि पुन्हा घेतात, त्याला इकडे ब्रेक म्हणतात. भैरूचा ब्रेक तो पडला त्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करण्यात आला. त्यामुळे जो पडला तो कारखान्याचा माणूसच नव्हता.

"मग तो आत काय करत होता?" पूर्वी मॅडमनी विचारलं.

"पाव्हना म्हनून आला आसंल," दादासाहेब म्हणाला. "जमीन त्याचीच व्हती की."

उपाय सोयीचा निघाला, म्हणून दुसऱ्या गटात ज्याची कंबर धरली त्याला ब्रेक मिळत गेला. शेवटी हिशेब लागला तेव्हा बिनव्यायामाच्या गटात एकही इजा नव्हती. पहिल्या गटात एक होती: व्यायाम करताना एकाची मांडी भरून आली होती. पूर्वी मॅडम दोन रात्री रडल्या. पण त्यांच्या मार्गदर्शकांनी निष्कर्ष अत्यंत मौलिक ठरवला: व्यायाम न करणं हाच कंबरदुखीवरचा सर्वोत्तम प्रतिबंध. सतरंज्या गोळा करण्यात आल्या. केळी बंद झाली.

भैरूचा ब्रेक काही संपला नाही. मात्र शिक्क्याच्या जोरावर त्याला एका दुकानाच्या डिलिव्हरीत लगेच काम मिळालं. फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाटं.

गेल्या रविवारी चौथ्या मजल्यावर तुमचा फ्रिज घेऊन आला तो हाच. तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये सामान न्यायला बंदी आहे. ठराव झाला तेव्हा तुम्हीही हात वर केला होता. जिन्याच्या वळणावर तो थांबला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "सावकाश हं, भिंतीचा रंग नवा आहे."

एकूण हिशेब असा: मॅडमना डॉक्टरेट, साहेबांना पुरस्कार, दादासाहेबाला दर ब्रेकमागे नव्या माणसाचं कमिशन. फ्रिज जागेवर ठेवून भैरू कंबर धरून दारात उभा होता, आणि तुम्ही बिल उलटंपालटं करून त्याला दोनदा विचारलंत, "डिलिव्हरी फ्री आहे ना?"

फ्रीच होती. तुम्हाला.