बखर आडबंदर लीगची, तीस सेकंद मोडिले त्याची

श्री सातेरी प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, मौजे आडबंदर, तालुका मालवण, येथील समस्त मानकरी, पंच आणि मुंबईस पोटासाठी गेलेले चाकरमानी यांसी सुभद्राबाई धुरी, अध्यक्ष आडबंदर सातवाडी लीग, यांचे सांगणे ऐसे जे: आमची लीग मोबाइलातील क्रिकेटाचे आत कैसी दाखल जाहली, हा मजकूर पुढेमागे कोणी भलताच सांगेल, म्हणून आम्ही आपले हाते लिहून ठेवितो. आम्ही चौथीपर्यंत शिकलो. तेवढे पुरते. पाचवी शिकलेल्यांनी काय दिवे लाविले ते गावात पाहतोच आहों.

लीगचे मूळ ऐसे. शके एकोणीसशे बेचाळीस साली महामारीचा गलबला उठला, आणि चाकरमानी मुंबईहून गावी आले, आणि त्यांस शाळेत चौदा दिवस कोंडून ठेविले, आणि आम्ही खिडकीतून पेजेचे टोप आत देत होतो. कोंडलेले पुरुष म्हणजे एका खुराड्यातले कोंबडे. दिवसभर मोबाइलात क्रिकेट खेळत, आणि जो हरे तो दुसऱ्याची उशी बाहेर फेकी. मग आम्ही खिडकीतूनच हुकूम फर्माविला की, खेळणे तर कायद्याने खेळणे. वाडीवार फौजा बांधणे. निकालाचा मोबाइलातून फोटो काढून आमचे सुनेकडे रुजू करणे. तंटा पडल्यास निवाडा आमचा. महामारी गेली, लीग राहिली. सात वाड्या, सात फौजा, आणि रणभूमी आमचे खळ्यातील फणसाखाली, कां की गावात रेंज तेथेच येते.

आणि कायदा पहिला हा की, गाऱ्हाणे घातल्याविना चेंडू पडणे नाही. घाटावरचे वाचणारांस ठाऊक नसेल तर सांगतो. मानकरी देवीपुढे नारळ ठेवून खड्या आवाजात मागणे मागतो, आणि प्रत्येक मागण्यास जमलेली रयत हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणते, आणि रयतेने होय म्हटले की ते मागणे बांधले गेले. मग त्यातून कोणास माघार नाही. हा मान गंगाराम गावकर यांचा. उमर बहात्तर, गुडघे गेले, आवाज शाबूत. त्यांचा होळीचा मान भावाने नेला, पालखीचा खांदा पुतण्याने नेला, आणि उरला तो फणसाखालचा एवढाच.

ऐसे असतां यंदा गणपती पाण्यात गेले आणि खेळाची कंपनी, राहणार पुणे, तिचे फर्मान आले की, रयतेने चालविलेल्या लीगा आम्ही खेळाचे आत सामील करून घेतो, त्यांचे नाव, निशाण आणि गुणांचा तक्ता खेळातच झळकेल, फोटो पाठविणे नलगे. आमची सून शर्मिला ग्रामपंचायतीत संगणक चालविते, हुशार आहे, सोलकढी मात्र तिची पाणचट. तिने अर्ज भरिला आणि सनद मिळविली. सनदेस अट होती. दोन्ही फौजांनी ‘रेडी’ हे बटण तीस सेकंदांचे आत दाबावे, न दाबिल्यास सामना बाद, आणि तीन सामने बाद जाहल्यास लीग खारीज, पुन्हा अर्ज नाही.

तीस सेकंद! तेवढ्यात गंगाराम नुसते खाकरतात.

कार्तिक मासी भात कणगीत पडले आणि पहिल्या रविवारी मोहीम सुरू जाहली. वरची वाडी उगवतीस बसली, खालची वाडी मावळतीस, तिचे सरनौबत निलेश तांडेल. नारळ मांडिला आणि गंगारामांनी गाऱ्हाण्यास तोंड लाविले, आणि ग्रामदेवता, वेशीवरचा देवचार, समुद्र, रेंजचा टॉवर, ऐसे एकेकाचे नाव घेत साडेचार मिनिटे जाहली, आणि दोन्ही फौजा हात जोडून व्हय म्हाराजा म्हणत राहिल्या. हात जोडले असता बटण कोण दाबी? पाहतात तो मोबाइलात लाल अक्षरे उमटली की, दोन्ही संघ गैरहजर, सामना बाद. गैरहजर म्हणे! आठजण समोर बसलेले, आणि खळ्याबाहेर चपलांचा ढीग.

दुसऱ्या रविवारी निलेश सरनौबत यांनी गुप्त मसलत केली की, हात जोडलेले राहोत, पायाचा अंगठा मोकळा आहे. मोबाइल जमिनीवर ठेवून त्यांनी गाऱ्हाण्याचे मध्येच पाय लांब केला. गंगारामांचे डोळे मिटलेले होते, तरी त्यांस दिसले.

“निलग्या, मेल्या, देवीसमोर पाय?”

आणि पाय पुढे आला म्हणजे गाऱ्हाणे बाटले, सबब गंगारामांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. अंगठ्यास खळ्याचे शेण लागले होते, त्याने मोबाइल घसरून नारळावर आदळला, आणि दुसरा सामना बाद जाहला.

मग फणसाखाली दरबार भरला. एक सामना बाद होणे बाकी, आणि लीग बुडणार. निलेश बोलिले की, गाऱ्हाणे मोबाइलात भरून दुप्पट वेगाने लावू; आणि लावूनही दाखविले. तो आवाज ऐकून कोंबड्या माडाखाली पळाल्या. गंगाराम म्हणाले, “ह्यो मी? माझ्या नरड्यात टिटवी बसली काय रे?” त्यावर निलेशांचे तोंडून निघून गेले की, “मगे काका, एक वर्स गाऱ्हाणाच नको घालूया.”

गंगारामांनी नारळ उचलिला, धोतरास पुसला, आमचे पायरीवर ठेविला. “बरा तर. माका कित्याक बसवलास? बटण दाबूक माणूस नको,” ऐसे म्हणून काठी टेकीत वाटेस लागले.

ते पाहून आमचे मस्तक फिरले. आम्ही हुकूम काढिला की, गाऱ्हाणे नाही तर लीग नाही. लीग बुडाली तर बुडो, परंतु पुण्याचे घड्याळासाठी गंगारामांचा मान जाणार नाही. आणि निलेशांस त्यांचे मागे धाडिले की, हाताने धरून आण, पाय आवर.

मग शर्मिलेने कंपनीस खलिता लिहिला. उत्तर आले की, आपला अभिप्राय आम्हांस मोलाचा आहे. दुसरा लिहिला, तेच उत्तर आले. तिसऱ्यास आम्ही स्वतः मजकूर सांगितला, तो येथे लिहिण्याजोगा नाही. त्यावर मात्र त्याच दिवशी फोन वाजला. तेजस्वी नावाची मुलगी, गोड आवाजाची, कंपनीची वकील म्हणून बोलू लागली.

“आजी, तुमची अडचण समजून घ्यायची आहे.”

“आजी तुझ्या घराकडे. हय अध्यक्ष म्हणूचा.”

“सॉरी, अध्यक्ष. तुमच्या प्रार्थनेला साधारण किती वेळ लागतो?”

“संपता तेव्हा संपता.”

ती म्हणाली की, आमचे कचेरीत कोणासच उमज पडत नाही, एकवार ऐकवाल काय. आणि तिने फोन मोठ्या आवाजावर ठेविला. कचेरीतील दहाबारा असामी भोवती जमल्या, हे त्यांचे खुर्च्यांचे चाकांवरून आम्ही ताडिले. परत येऊन पायरीवर बसलेल्या गंगारामांस आम्ही डोळ्याने इशारत केली. गंगाराम मुरलेले. त्यांनी नारळ फोनापुढे मांडिला.

“बा सातेरी म्हाराजा! ह्यो जो खेळ लेकरांनी मांडलेलो आसा, तो गोड मानून घे म्हाराजा!”

पुणे गप्प. गंगारामही गप्प. मग आम्ही फर्माविले की, म्हणा गो व्हय म्हाराजा, तुम्ही म्हटल्याविना गाडी पुढे जाणार नाही. एकटी तेजस्वी हळूच म्हणाली.

“ह्या पुण्याच्या कंपनीच्या पोरांक सुखी ठेव, तेंचे संगणक बंद पडूक देव नको म्हाराजा!”

आता पाचसहा म्हणाले. त्यांस गोडी लागली.

“तेंचो पगार वाढव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ऐसा गजर उठला की आमचे पायरीवरचे मांजर उडाले.

“आणि आमचा गाऱ्हाणा संपासर ते आपला घड्याळ थांबवतले, असो तेंनी दिलेलो शबुद खरो कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अवघी कचेरी गर्जली.

तेसमयी आम्ही फोन हाती घेतला आणि कळविले की, देवीपुढे बारा असामींनी होय म्हटले, तहनामा पुरा जाहला. मग तेजस्वीने भीतभीत विचारिले की, हे मोडले तर काय होते?

“माका म्हायत नाय गो. आजवर कोणी मोडूकच नाय.”

इतक्यात तिकडे कोणाचा संगणक टुंक करून बंद पडला, तो आवाज आम्ही, शर्मिलेने आणि गंगारामांनी ऐकिला. तेजस्वीने घाईने एवढेच पुशिले की, तयार जाहलात म्हणजे तुम्ही लोक काय म्हणता, ते मी लिहून घेते. आता काय म्हणतो हे पुन्हा सांगावयाचे काय? तरी सांगितले.

आठवे दिवशी खेळाची नवी आवृत्ती आली. तीत कलम होते की, सामन्यापूर्वीची मुदत लीगप्रमुखांचे मर्जीप्रमाणे. आणि ‘रेडी’ हे बटण जाऊन त्या जागी ‘व्हय म्हाराजा’ हे बटण आले.

तोवर तहकूब ठेविलेल्या तिसऱ्या सामन्याचे रविवारी गंगाराम नवी टोपी घालून आले, आणि मोबाइलातील घड्याळ थांबलेले पाहून त्यांस असा हुरूप चढला की गाऱ्हाणे नऊ मिनिटे चालिले. शेवटी आठही अंगठे, हातांचेच, एकदम पडले, आणि आडबंदर लीगचे निशाण मोबाइलात फडकले. गंगारामांनी ते चष्मा लावून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग सामना जाहला. निलेश सरनौबत पहिलेच चेंडूवर शून्यावर कामास आले. देवी विसरत नाही.

पुढे मार्गशीर्षात तेजस्वीचा पुन्हा फोन आला की, अध्यक्ष, घोटाळा जाहला; ते बटण फक्त तुमचे लीगेस लावावयाचे, ते चुकून अवघ्या हिंदुस्थानातील लीगांस लागले; लुधियान्याचे पोरगे, गुवाहाटीचे पोरगे, रोज व्हय म्हाराजा दाबीत आहेत, आणि अर्थ काय म्हणून विचारीत आहेत; काढून टाकू काय? आम्ही गंगारामांकडे पाहिले. ते म्हणाले, “दाबतत म्हणजे आपलेच झाले. तेंचासाठीय मागूक व्हया.”

सबब बटण काढू नये, असा हुकूम गेला. लुधियाना, गुवाहाटी आणि आणखी कोणकोण, यांची नावे गाऱ्हाण्यात दाखल जाहली, आणि मुदत नऊ मिनिटांवरून अकरा मिनिटे मुक्रर केली, आणि तीस सेकंदांचा निःपात जाहला. येणेप्रमाणे फत्ते, ती लिहून पुरी केली. शेवटी वाचणाराने काय म्हणावयाचे, हे अजून सांगावे लागत असेल तर त्याने ही बखर पुन्हा पहिल्यापासून वाचावी, आणि वाचताना हात जोडलेले असावेत.