कंट्रोलरची रोपं

२००४ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि अमेरिकेत पार्सिपनीला आमच्या खालच्या मजल्यावर एक माणूस टोमॅटो-वांग्यांच्या रोपांना रोज सकाळी फलाट नेमून देत होता.

खोटं सांगत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. फलाट एक, फलाट दोन. दह्याच्या रिकाम्या डब्यांत रोपं. दहा वाजून दहा मिनिटांनी हा गृहस्थ घड्याळ बघून मोठ्यानं पुकारायचा, "वांगी, पूर्वेची खिडकी सोडून दक्षिणेला लागत आहेत!" आणि डबे उचलून तिकडं ठेवायचा. घरात ऐकायला कुणी नाही. लेक-जावई ऑफिसात, नात शाळेत.

नाव जगदाळे. साताऱ्याकडं बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून पस्तीस वर्षं काढलेली. आम्ही सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणायचो. मला ते माळीबुवा म्हणत, कारण मी जळगावकडं सरकारी रोपवाटिकेत चाळीस वर्षं माती उकरली. शाळा तिसरीपर्यंत. पण रोपाच्या बाबतीत मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे.

म्हणून माझं डोकं फिरलं, ते अलकाच्या वर्गात. अलका आमच्याच कॉम्प्लेक्समधली, पुण्याची पोरगी, कॉम्प्युटरवाली. दर रविवारी क्लबहाऊसमध्ये मुलांना मराठी शिकवायची. तिनं त्या वर्षी ठरवलं, मुलांनी रोपं वाढवायची आणि मराठीतून बोलायचं. आणि शिकवायला बोलावलं कुणाला? कंट्रोलरला! मी मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलो.

"रोपाला प्रवासाला काय काय लागतं?" कंट्रोलरनी विचारलं.

"वॉटर!" पोरं ओरडली.

"पाणी. पण ओतत सुटायचं नाही. बेतानं म्हणजे बेतानं."

"बट व्हाय, आबा?" ही त्यांची नात इरा. वय सात.

"मुळांना पण श्वास घ्यायचा असतो बाळ. माती पाण्यानं गच्च झाली, की बसमध्ये शंभर माणसं कोंबून खिडक्या बंद केल्यासारखं होतं."

पोरं हसली. मग त्यांनी सांगितलं, की बी निघतानाच आपला जेवणाचा डबा बरोबर घेऊन येतं. पहिली दोन पानं त्याच डब्यावर जगतात. खरी पानं फुटली, की डबा संपला, मग मातीतलं खत लागतं. एका सीटवर तिघं बसवायचे नाहीत, म्हणजे एका डब्यात एकच रोप. उजेड एकाच बाजूनं आला, तर रोपं गाडी आली का बघायला माना बाहेर काढतात, म्हणून डबा फिरवायचा. आणि ऊब पाहिजे.

सगळं बरोबर होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

"रोप म्हणजे काय लाल गाडी आहे का?" मी मागून म्हणालो. "लाड करून करून पिवळी काडी झालीय त्यांची. बाहेर काढा. वारा लागू दे."

"काढू. रोज थोडा थोडा वेळ. मे महिना अर्धा जाऊ दे, मग जमिनीत."

"मे? एप्रिलात आखाजीला, अक्षय्यतृतीयेला लावायची. आमच्याकडं आखाजीला लावलेलं कधी मरत नाही."

"माळीबुवा, इथली थंडी तुमचं पंचांग वाचत नाही."

झालं. पोरांसमोर असं बोलल्यावर मी ऐकतोय होय! आखाजीच्या संध्याकाळी अलकाला गाठलं. ती म्हणाली, "काका, मला पण आजच बरं, पुढच्या वीकेंडला ऑफिसात माझं रिलीज आहे, वेळ नाही." मुलांना तर चिखलात हात घालायला मिळणार होता. बिल्डिंगमागच्या वाफ्यात पोरांनी डब्यांत वाढवलेली बारा रोपं लावली. मी पुढं, पोरं मागं. कंट्रोलर बाजूला उभे होते. म्हणाले, "वेळ झालेली नाही." एवढंच.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, गवत पांढरं झालं होतं. मी खाली गेलो तर वाफ्यावर फुलाफुलांच्या चादरी. लेकीच्या भारीतल्या. आदल्या संध्याकाळी टीव्हीवर थंडीचं ऐकून कंट्रोलरनी कुणाला न सांगता घातलेल्या. आता ते एकेक चादर उचलून बघत होते. खाली रोपं काळी, उकडलेल्या पालेभाजीसारखी लोळलेली. बाराच्या बारा.

वाटलं, आता हा माणूस मला शिव्या देईल. मी उत्तरंही जुळवून ठेवली होती.

त्यांनी चादरीची घडी घातली. म्हणाले, "जूनमध्ये माझा व्हिसा संपतो, माळीबुवा. साताऱ्याला परत. तिथं घरात मी एकटाच."

"माहिताय."

"तिथनं फोन केला, की इरा म्हणते, हाय आबा. मग म्हणते, बाय आबा. मध्ये काही नाही. तिची चूक नाही, तिनं बोलायचं तरी काय? म्हटलं, तिच्या हातचं एक रोप इथं असलं, तर मध्ये काहीतरी येईल. मी विचारीन, पान आलं का. ती सांगेल, आलं."

मी दुसरी चादर उचलली आणि तिचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. दोघांनी मिळून घडी घातली. त्या दिवशी घरात सुनेनं दोनदा विचारलं, बरं नाही का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लबहाऊसमध्ये सगळ्यांच्या आधी गेलो. पोरं जमल्यावर उभा राहिलो. जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "रोपं थंडीनं नाही मेली. मी मारली. आबा नको म्हणत होते, मी ऐकलं नाही."

मग मी खाली बसलो, एका डब्यात माती भरली, टोमॅटोचं बी इराच्या तळव्यावर ठेवलं. तिनं बोट मातीवर टेकवलं आणि मान वळवून मागं उभ्या कंट्रोलरना विचारलं, "आबा, किती खोल?"

मला माहीत होतं किती खोल. मी तोंड उघडलं नाही.