दुपारच्या गोळीची गाडी

कोणी जरा जास्त बोलायला लागलं की आमच्या शेजारचा जयवंतदादा हात वर करायचा आणि म्हणायचा, "शहात्तर." एका लग्नात मंगलाष्टकं संपता संपेनात, तेव्हा त्याने भटजींनाही शहात्तर सुनावलं होतं. त्याच्या यंत्राच्या भाषेत शहात्तर म्हणजे थांब. टोकावड्याच्या आसपासच्या चार गावांना ही भाषा ठाऊक नव्हती, पण अर्थ सगळ्यांना कळायचा.

ऐकायची नाही ती फक्त सुमनवहिनी, त्याची बायको. त्याने शहात्तर म्हटलं की ती "सत्त्याहत्तर" म्हणायची आणि पुढे चालू.

दादा मुरबाडच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखान्याने भंगारात काढलेली एक पाटी तो घरी घेऊन आला. हिरव्या पाटीवर काळ्या चिपा, वीस-पंचवीस बटणं आणि लाल आकडे दाखवणारी एवढीशी खिडकी. तो म्हणायचा, हा अख्खा कॉम्प्युटर हाय. आम्ही माना डोलवायचो. वहीतले आकडे आणि अक्षरं जोडीजोडीने दाबून तो त्याला शिकवायचा. दीडेकशे जोड्या झाल्या की लाइट जायची आणि पाटी सगळं विसरायची. दादा वहीचं पहिलं पान उघडायचा. "विसरला. परत शिकवू." वर्गात पोरांना शिकवताना मला एवढा धीर कधी धरता आला नाही.

या पाटीवर तो एक गाडी चालवणार होता. जीपच्या वायपरची मोटर, लाकडी फळी, हातगाडीची लहान चाकं. लोक हसायचे, मीही हसले. पण गाडी कशासाठी होती ते मला ठाऊक होतं.

वहिनीचं डावं अंग गेलेलं होतं आणि तिला झटके यायचे. दुपारी बाराची गोळी चुकवून चालत नव्हतं. ती उशाशी ठेवायचीही सोय नव्हती, कारण एकदा वहिनीने विसरून दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घेतल्या होत्या, आणि एकच ठेवली तर ती सकाळीच घेऊन टाकायची. दादा कारखान्यात, मी शाळेत. लावणीच्या दिवसांत तर गावात घरी माणूसच सापडत नाही, सगळे चिखलात.

शेवटी त्याने कल्याणच्या एका दुकानातून ते सगळं शिक्षण न विसरणाऱ्या चिपेत भरून आणलं, ट्रकची जुनी बॅटरी जोडली, आणि गाडी चालली. बाराला फडताळाखालून निघायची, चाकाचे बावीस फेरे मोजायची आणि खाटेला टेकून थांबायची. वाटीत दादाने सकाळी ठेवलेली गोळी, शेजारी पाण्याचा पेला. गोळी घेऊन वहिनीने बटण दाबलं की गाडी परत. वहिनी म्हणायची, लग्नात तरी एवढ्या वेळेवर आलेला काय हा?

वर्षभर गाडी एकदाही चुकली नाही.

पुढच्या लावणीत एका सकाळी वहिनीने मला हाक मारली. माकडांनी कौलं सरकवली होती आणि पाणी थेट तिच्या अंथरुणावर गळत होतं. मी खाट ओढून भिंतीकडे नेली, चादर बदलली आणि शाळेत गेले. चांगलं काम केल्याचं समाधानही वाटलं.

संध्याकाळी आले तेव्हा गाडी बावीस फेरे मोजून उभी होती, खाट नसलेल्या जागी. वाटीत गोळी तशीच. वहिनी खाट आणि गाडी यांच्या मध्ये जमिनीवर पडली होती. तिचा उजवा हात गाडीकडे होता.

मुरबाडच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी दादाला सगळं सांगितलं, लपवलं नाही. तो म्हणाला, "बाई, तुमी खाट सरकवलीत ते बरोबरच केलंत. ती भिजली असती. मी गाडीला फेरे मोजायला शिकवलं, खाट शोधायला नाय शिकवलं." मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर मी एका रविवारी त्याच्याकडे गेले. खाट जुन्या जागी होती, अगदी मापून ठेवल्यासारखी. दादा तिच्यावर बसला होता. बारा वाजले, गाडी निघाली आणि खाटेला टेकली. वाटी रिकामी होती. तो पेल्यातलं पाणी प्यायला आणि त्याने बटण दाबलं. गाडी परत गेली.

मला ते बघवेना. मी बोलायला लागले, शाळेचं, पावसाचं, कोणाची लावणी उरकली त्याचं, काहीही. किती वेळ बोलले कोण जाणे. मग लक्षात आलं की दादाने एकदाही हात वर केलेला नाही. मी ओशाळून गप्प बसले.

तो फडताळाकडेच बघत होता.

"सत्त्याहत्तर, बाई," तो म्हणाला. "घरात कोण बोलत नाय आता."

मी पुन्हा पावसापासून सुरुवात केली.