रडणाऱ्या पोरांचे डॉक्टर

मूल भोकाड पसरायला लागलं की आमच्या डॉक्टर शिर्क्यांचा चेहरा खुलतो. "फर्स्ट क्लास! अजून रड!" म्हणतात. आईबापांना वाटतं, हा माणूस फिरलाय. मी पोलादपूरला त्यांच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. मलाही आधी तसंच वाटायचं. मग कळलं, रडायला छातीत श्वास लागतो. गप्प पडलेल्या पोराचीच खरी भीती.

आमच्याकडे पोर आजारी पडलं की पहिली दृष्ट काढतात, मग आम्हाला फोन. डॉक्टर कुणावर चिडत नाहीत. उंबऱ्यातूनच सांगतात, "आजी, आमच्या ड्रायव्हरलाही नजर लागलीय. त्याची काढा, बाहेर अंगणात." आजी खूश, धूर घराबाहेर, आणि डॉक्टर पोराला घेऊन गाडीत. माझ्यावरून अख्ख्या तालुक्याच्या मिरच्या उतरून झाल्यात. मला नजर लागावी असं काय आहे, ते बायको अजून शोधतेय.

गेल्या पावसाळ्यात आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतून फोन आला. तीन वर्षांची स्वरा, आईबाप कामाला मुंबईत, घरी आजी. पोरीला दम लागलेला, वर घरभर मिरच्यांचा धूर. मी नेहमीप्रमाणे अंगणात उभा राहिलो. डॉक्टरांनी पोरीला उचललं. ओठ निळसर, तोंडातून आवाज नाही.

आजीला पुढे माझ्याशेजारी बसवून मी गाडी महाडकडे पळवली. डॉक्टरांनी मास्क लावून वाफेचं औषध सुरू केलं. एरवी अखंड बडबडणारा माणूस, पण मागून चकार शब्द नाही. माझी आरशात बघायची छाती होईना.

मग एक किरटा सूर आला. पाठोपाठ पोरीने असा गळा काढला की सायरन फिका पडला.

"फर्स्ट क्लास!" डॉक्टर ओरडले. मीही उगाच हॉर्न वाजवत सुटलो. पोर रडतेय नि हे दोघे हसतात, म्हणून आजीने आमची चांगलीच हजेरी घेतली.

दवाखान्यात स्वरा सावरली, तेव्हा आजी म्हणाली, "डाक्टर, जेवायला या घरी." असं सगळेच म्हणतात. आपण 'येऊ येऊ' म्हणायचं नि निघायचं. डॉक्टर निघेनात.

"रविवारी येऊ?" त्यांनी विचारलं. "रविवारी मी खोलीवर एकटाच असतो."

आजीने त्यांचा हात धरला. "येऊ काय इचारतोस रे? तुझंच घर हाय."

रविवारी मीच त्यांना घेऊन निघालो. नवा शर्ट, मांडीवर खाऊचा पुडा. वाटेत सारखं मला विचारत होते, "विसरल्या नसतील ना त्या?"

वळण घेतलं, तर आजी स्वराला कडेवर घेऊन रस्त्यावरच येऊन उभी होती.