केरबाचे स्वच्छ पाय

एका जंगलात, बाळांनो, पाय न धुण्याला फार मान होता.

नाक मुरडू नका. आधी ऐका.

त्या जंगलाचं नाव ऐलवन. नदीच्या अलीकडचं म्हणून ऐलवन, पलीकडचं ते पैलवन. ऐलवनाची माती काळी, पैलवनाची लाल. बाकी फरक काय, ते मला विचारू नका. मी बॅगा विकणारा माणूस. माझ्या बॅगा जगभर हिंडून येतात, मी आमच्या पेठेच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो.

तर जो पैलवनात जाऊन येई, त्याच्या पायांना लाल माती लागलेली असे. ती तो धूत नसे. पंगतीत बसला की मांडी घालत नसे, पाय पुढे पसरून बसे. बारशाला बोलावलं तर आधी पाय पाळण्याजवळ नेऊन बाळाला दाखवी. आणि लोक म्हणत, "व्वा! काय पाय आहेत!"

तुम्हाला खोटं वाटेल. पण आमच्या दुकानात एक बाई येतात. फार वर्षांपूर्वी त्या लेकाकडे परदेशी जाऊन आल्या. विमानतळावर बॅगेच्या मुठीला जी चिठ्ठी चिकटवतात, ती अजून तशीच आहे. पिवळी पडली, अक्षरं उडाली. परवा बॅगेचं चाक मोडलं म्हणून घेऊन आल्या. म्हणाल्या, "चाक बदला भाऊ, हवं तर बॅग बदला. पण चिठ्ठीला हात लावायचा नाही."

मग ऐलवनातल्या जनावरांना कशाला हसायचं?

ऐलवनात एक विद्यालय होतं. तिथले प्राचार्य बगळे सर. ते तरुणपणी पैलवनात जाऊन आले होते, पण घाईत. एक पाय टेकला, दुसरा टेकायच्या आत परतीची हाक आली. म्हणून त्यांचा एकच पाय लाल. तो पाय पोटाशी धरून ते जन्मभर दुसऱ्या पायावर उभे राहिले. पाणी लागून माती उतरू नये म्हणून. पोरांना वाटायचं, सर ध्यान करतायत.

सरांनी विद्यालयात एक विषय सक्तीचा केला होता : पैलवन-दर्शन. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी शनिवार-रविवारी सहलीला पैलवनात जायचं आणि सोमवारी प्रार्थनेच्या वेळी पाय दाखवायचे. ज्याचे पाय लाल तो टेकडीवरच्या वरच्या वर्गात. ज्याचे लाल नाहीत, किंवा जो सोमवारी प्रार्थनेला पोचला नाही, त्याचं शिक्षण संपलं. त्यानं घरी जाऊन आईबापाचा धंदा करायचा.

त्या वर्षी शेवटच्या वर्गात चौघं होते. नीलकांत मोर, कुरंगी हरिणी, शशांक ससा, आणि केरबा. केरबा म्हणजे रानडुकराचं पोर. त्याच्या घराण्यात आजवर कुणी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. टेकडीवर तर कुणी चढलंच नव्हतं.

निघताना त्याच्या आईनं त्याला सांगितलं, "केरबा, लाल पायानं ये रं बाबा. न्हाईतर सोमवारपास्नं माझ्यासंगं कंद उकराया चल."

"येतो आये."

"आणि त्या पोरांगत बोलाय शीक. सारखं खरं बोलत जाऊ नगंस, आडाणी दिसतंय."

शनिवारी सकाळी चौघं नदीवर आले. पलीकडे न्यायला तिथे एक मगर होती. तिच्या पाठीवर बसायचं आणि पैल तीरावर उतरायचं. पाय कोरडे. सोय चांगली. अडचण एवढीच की मगरीचं पोट भरलेलं असलं की ती हलत नसे, आणि रिकामं असलं की कुणी तिच्या पाठीवर बसत नसे. त्यामुळे ही वाहतूक कायम उशिरा धावे.

मगर नदीमधल्या वाळूवर झोपली होती. शेजारच्या दगडावर बेडूक बसला होता. तो ओरडला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं! पैलवनाकडे जाणारी मगर काही तांत्रिक कारणानं उशिरा सुटेल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत!"

"तांत्रिक म्हणजे काय हो?" कुरंगीनं विचारलं.

"पचन," बेडूक म्हणाला. "काल आख्खं रेडकू होतं."

चौघं सावलीत बसले. दर थोड्या वेळानं बेडूक दिलगीर होई. ऊन कलायला लागलं.

केरबा म्हणाला, "पोहून जाऊया की. ती झोपलीय तवर नदीत भीती न्हाई. येताना तिच्या पाठीवरून येऊ, म्हंजे माती ऱ्हाईल पायाला."



"पोहून?" नीलकांत म्हणाला. त्यानं पिसारा जरा फुलवला आणि पुन्हा मिटला. "अरे, परदेशी पोहून कोण जातं? तिकडचे लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हणतील, ओला आलाय."

शशांक म्हणाला, "केरबा, आपण सहलीला आलोय. मजुरीला नाही."

"पण जायचं हाय ना पलीकडं?"

"जायचंय ना. पण रीतसर."

केरबाला रीतसर कळलं नाही. त्याला सोमवार कळत होता. त्यानं पाण्यात उडी टाकली आणि सूंऽ करत मगरीच्या शेजारून पलीकडे निघून गेला. मगरीनं एक डोळासुद्धा उघडला नाही.

"बघ, किती खळबळ केली पाण्यात," कुरंगी म्हणाली. "कुठे काय शोभतं, काही कळत नाही."

तिकडे केरबा पैलवनात उतरला. उतरल्या उतरल्या त्याचे चारही पाय घोट्यापर्यंत लाल. त्याला इतका आनंद झाला की तो गोल गोल धावला.

मग थांबून त्यानं आजूबाजूला पाहिलं. काठावर एक मोर, दोन हरिणं आणि काही ससे गाठोडी घेऊन बसले होते.

"तुमी कुणाची वाट बघताय?" केरबानं विचारलं.

"मगरीची," तिथला मोर म्हणाला. "आम्हाला ऐलवनात जायचंय. तिकडची काळी माती पायाला लागल्याशिवाय आम्हाला वरच्या वर्गात घेत नाहीत."

पोहताना केरबाची पाठ पाण्याबाहेर होती, तिच्यावर इकडची थोडी काळी माती वाळलेली होती. तिथल्या एका सशानं हळूच जवळ येऊन त्याच्या पाठीवर पाय घासून घेतले.

पुढे रानात त्याला एक डुकरीण भेटली. तिनं त्याला "कुणाचा रं तू?" असं विचारलं, उत्तराची वाट न बघता कंद पुढे ठेवला आणि तो लहान चावे घेतो म्हणून रागावली. केरबा रात्रभर तिच्या पोरांच्या गर्दीत झोपला. त्याला घरच्यासारखं वाटलं. तिथेच त्याचं चुकलं, पण ते त्याला पुढे कळलं.

आता अलीकडचं ऐका. रविवारी सकाळी मगर जागी झाली. तिचं पचलं होतं. ती हसत काठाला आली.

"या, या! बसा! उशीर झाला, माफ करा हं. तू पुढे बस गं, हरणाच्या पोरी. सशाला मध्ये घ्या. सगळे मावतील."

तिच्या पोटातून गुरगुर आवाज आला.

"आधी मोर," शशांक मागे सरत म्हणाला.

"मुळीच नाही. स्त्रिया आधी," नीलकांत म्हणाला.

कुरंगी तर झाडामागे पोचलीसुद्धा. मगरीनं थोडी वाट पाहिली. मग काठावर एक म्हातारी पाणकोंबडी शेवाळ टोचत होती, ती गिळली. त्या बिचारीला कुठे जायचंही नव्हतं. मगर वाळूवर जाऊन पुन्हा झोपली, आणि बेडूक दिलगीर झाला.

दुपार झाली. तिघांचे चेहरे उतरले. उद्या सोमवार. तिघांचे पाय काळे कुळकुळीत.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काही हवंय का पोरांनो?"

वारुळाच्या आडोशाला खवले मांजर बसलं होतं. त्याला सगळे खवलेशेठ म्हणत. वारूळ फोडून वाळवी खायची, हा त्याचा पिढीजात धंदा. आता वाळवी काय करते, तर खोल खालची माती वर आणते. आणि ऐलवनाची माती वरून काळी असली तरी खाली लालच होती. शेठनं वारूळ फोडलं की लाल मातीचा ढीग पडायचा. आधी तो टाकून द्यायचा. मग एका वर्षी एक रडवेली खार नदीवरून परत जाताना त्या ढिगात चुकून पडली, लाल झाली, आणि टेकडीवर गेली. तेव्हापासून शेठ ढीग टाकून देत नाही.

एक दुकानदार म्हणून सांगतो, अशा माणसासमोर मी टोपी काढतो. माल काय, हे सगळेच ओळखतात. गिऱ्हाईक कुठे रडत बसतं, हे ओळखणारा विरळा.

"ही पैलवनाचीच का?" नीलकांतनं विचारलं.

"रंग बघा ना," शेठ म्हणाला.

"पण खरी का?"

"बाळा, खरी पलीकडे मिळते. मगर सुटली की जा." शेठ जांभई देत म्हणाला. "पलीकडेही लागलं काही तर माझ्या मेहुण्याचं नाव सांग. तो काळी ठेवतो."

तिघांनी आपापल्या शिदोऱ्या शेठपुढे ठेवल्या आणि ढिगात पाय बुडवले. नीलकांतनं पिसाऱ्याच्या टोकालाही थोडी लावून घेतली. म्हणाला, "मी जरा आतल्या भागात गेलो होतो, असं सांगेन."

पैल तीरावर केरबा मगरीची वाट बघत होता. ती काही येईना. दगडावरून बेडकाची दिलगिरी तेवढी ऐकू येत होती. सूर्य टेकायला आला. आता थांबावं तर सोमवार जातो. पोहावं तर माती जाते.

त्यानं एक युक्ती केली. पुढचा उजवा पाय पाण्यावर उंच धरला आणि उरलेल्या तीन पायांनी पोहायला लागला. सरांचा एकच पाय चालला, मग आपलाही चालेल. पण एक पाय वर धरून पोहणारं डुक्कर पुढे जात नाही, गोल फिरतं. तो नदीमध्ये भिंगरीसारखा फिरत राहिला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि जिवाच्या भीतीनं चौथा पायही पाण्यात पडला.

सोमवारी प्रार्थना झाली. बगळे सर एका पायावर उभे. सगळ्या जनावरांचे आईबाप आलेले. केरबाची आई सर्वांत मागे.

"नीलकांत, पैलवन कसं वाटलं?"

"सर, काय सांगू! तिथलं आकाश आपल्यापेक्षा उंच आहे."

"अगदी बरोबर!" सरांचे डोळे भरून आले.

"तिथे गवतसुद्धा रांगेत उगवतं," कुरंगी म्हणाली.

"आणि तिथल्या मगरी वेळेवर सुटतात," शशांक म्हणाला.

टाळ्या पडल्या. तिघांनी पाय दाखवले. लाल.

"केरबा, तू?"

केरबा पुढे आला. "सर, तिथं बी कंद हाईत. चावलं की आपल्यासारखंच लागतंय. डुकरं हाईत, ती बी आपल्यावाणीच वरडत्यात. आणि काठावर एक मोर..."

सगळे हसायला लागले. सरसुद्धा हसले. "अरे, जाऊन आलेला माणूस असं बोलेल का? पाय दाखव."

केरबानं पाय दाखवले. नदीनं ते घासूनपुसून काढले होते. नखं चकाकत होती. बाळांनो, आयुष्यात पहिल्यांदाच डुकराचे पाय स्वच्छ होते, आणि नेमकी त्याच दिवशी त्याला चिखलाची गरज होती.

"कंद उकरायला जा," सर म्हणाले.

घरी जाताना आई म्हणाली, "जन्मल्यापास्नं आंघोळ कर, आंघोळ कर म्हणून वरडले. ऐकलं न्हाईस. आजच सुचलं व्हय रं तुला?"

"आये, मी खरंच गेलतो."

"गेला असशील. पण आता कुणाला सांगू नगंस."

केरबा कंद उकरू लागला. त्याचं उकरणं बघून खवलेशेठनं त्याला आपल्याकडे बोलावलं. शेठचं वय झालं होतं, आणि गिऱ्हाईक दरसाल वाढत होतं. केरबा वारुळं फोडू लागला. दिवसभर लाल मातीत. पाय लाल, पोट लाल, कान लाल. आंघोळीचं नाव नाही.

पुढच्या सहलीच्या आधी बगळे सर त्या वाटेनं उडत चालले होते. वरून त्यांना खाली नखशिखांत लाल झालेला एक प्राणी दिसला. ते घाईघाईनं उतरले.

"आपण पैलवनात किती वर्षं होता?" त्यांनी नमस्कार करून विचारलं.

केरबानं मान वर केली. सरांनी त्याला ओळखलं नाही. इतक्या लाल प्राण्याला ते कधी काळी घरी पाठवतील, हे त्यांच्या डोक्यातच येईना.

"आमच्या मुलांना चार शब्द सांगायला याल का? टेकडीवर?"

केरबानं शेठकडे पाहिलं. शेठनं वाळवी चघळत मान हलवली, जा म्हणून.

टेकडीवर सगळं ऐलवन जमलं होतं. केरबाला उंच दगडावर बसवलं. नीलकांत पहिल्या रांगेत होता. त्याच्या पायांची माती आता विटली होती, म्हणून तो पाय झाकून बसला होता. मागे, अगदी मागे, केरबाची आई.

"सांगा," सर म्हणाले, "कसं आहे पैलवन?"

केरबाला कंद आठवला. चावे लहान घेतो म्हणून रागावलेली ती डुकरीण आठवली. त्यानं तोंड उघडलं. मग त्याला मागे उभी असलेली आई दिसली. ती श्वास धरून उभी होती.

"तिथलं आकाश," केरबा म्हणाला, "फार उंच आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे त्याची आई शेजारणीला म्हणाली, "शिकला गं माझा पोरगा."

तात्पर्य : परदेशप्रवासानं ज्ञान वाढतं, पण तो नदीच्या अलीकडे बसून करावा. पलीकडे जाऊन आल्यास पाय स्वच्छ होतात आणि तोंडातून खरं निघतं, आणि ही दोन्ही लक्षणं न गेलेल्याची समजली जातात.